विंगेतून वाचलेली नाटकं: कविता लिहू पाहणाऱ्यांसाठी

मी अकरा वर्षं एका हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होते, म्हणजे नट अडला की विंगेतून त्याला पुढचे शब्द देणारी. रंगमंचावर कधी आले नाही. एकदा मोलकरणीचं काम मिळालं होतं, पण त्यातलं एकुलतं एक वाक्य तिसऱ्या तालमीला कापलं गेलं आणि मी सुखाने विंगेत परत गेले. हातात संहिता, डोळे ताणायला लावणारा उजेड आणि समोर नटांचे अर्धेच दिसणारे चेहरे. कविता लिहायला मी तिथे शिकले, हे कळायला मात्र फार वेळ गेला.

कळलं तेही एका फजितीतून. ‘नटसम्राट’चा प्रयोग होता. आमचे बेलवलकर ‘कुणी घर देता का घर?’ म्हणाले आणि थांबले. मी मनातल्या मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाचाला माझा धीर सुटला आणि मी पुढचे शब्द दिले, ‘एका तुफानाला’. घाबरल्यामुळे आवाज चढला होता. पहिल्या दोन रांगांत खसखस पिकली. प्रयोग संपल्यावर बेलवलकर झालेले काका तोंडावरचा रंग पुसत बसले होते. ओरडले नाहीत. आरशात बघतच म्हणाले, “अगं, मी विसरलो नव्हतो. थांबलो होतो.”

तेव्हापासून कुणी नवा कवी वही घेऊन आला की मी आधी एवढंच बघते: ओळ जिथे तुटली आहे तिथे हा थांबलाय की विसरलाय? बहुतेक वेळा विसरलेला असतो. वाक्य कागदाच्या कडेला पोचलं म्हणून तोडलेलं असतं. अशा वेळी मी त्याला आणखी कवितासंग्रह वाचायला सांगत नाही, ते तो वाचतच असतो. मी नाटकं वाचायला सांगते. कवितेत आपण एकटेच बोलत असतो, त्यामुळे समोर कुणी आहे याचा विसर पडतो. नाटकात ती सोय नाही. तिथे तोंडातून निघालेलं प्रत्येक वाक्य समोरच्याकडून काहीतरी हवं म्हणून निघालेलं असतं, आणि समोरचा ते द्यायला बांधलेला नसतो.

आता वाचायचं कसं, ते आधी. नाटक कादंबरीसारखं लोळत वाचलंत तर हाती कथानक लागेल, बाकी काही नाही. एक प्रवेश निवडा. पेन्सिल घ्या. मोठ्याने वाचा, घरच्यांना वेड लागलंय असं वाटेल इतपत मोठ्याने. जिथे श्वास आपोआप घेतला गेला तिथे एक तिरकी रेघ. जिथे श्वास असूनही पुढे जाववत नाही तिथे दोन रेघा. ज्या शब्दावर जीभ अडखळली त्याला गोल. प्रॉम्प्टरच्या संहितेत हेच असतं. गोल केलेला शब्द म्हणजे नट इथे हमखास घसरणार, तयार राहा. दोन रेघा म्हणजे इथे तोंड बंद ठेव. मला त्या रात्रीपर्यंत दोन रेघा मारायची अक्कल नव्हती, म्हणून ती फजिती.

दुसऱ्या वाचनात पात्रांची नावं कागदाच्या पट्टीने झाका. कोण बोलतंय हे नुसत्या बोलण्यावरून ओळखता आलं तर नाटककार कसलेला आहे. मग हाच प्रयोग स्वतःच्या पाच कवितांवर करा. वर नाव नसेल तर त्या कुणा एका माणसाच्या वाटतात की कुणाच्याही?

तिसऱ्या वाचनात कंसातल्या रंगसूचना तेवढ्या वाचा. त्याबद्दल पुढे सांगते.

सुरुवात ‘शाकुंतल’च्या चौथ्या अंकापासून करा. सगळे त्याचं कौतुक करतात म्हणून आपण टाळतो, मीही कितीतरी वर्षं टाळला. सात अंकांचं नाटक आहे, पण कवीला हा एक अंक वर्षभर पुरेल. शकुंतला सासरी निघाली आहे. चालता चालता तिच्या वस्त्राला मागून काहीतरी अडकतं आणि ती विचारते, कोण ओढतंय? कण्व उत्तर देतात ते या श्लोकात:

यस्य त्वया व्रणविरोपणमिङ्गुदीनां
तैलं न्यषिच्यत मुखे कुशसूचिविद्धे ।
श्यामाकमुष्टिपरिवर्धितको जहाति
सोऽयं न पुत्रकृतकः पदवीं मृगस्ते ॥

संस्कृत येत नसेल तरी बिचकू नका. सरळ अर्थ असा: दर्भाचं टोक लागून ज्याचं तोंड जखमी झालं होतं, त्यावर तू जखम भरणारं इंगुदीचं तेल लावलंस, सावे मुठीमुठीने भरवून ज्याला वाढवलंस, तो तुझा मानलेला मुलगा तुझी वाट सोडत नाही, हे हरीण.

आता पेन्सिल घ्या. ‘मृग’ हा शब्द कुठे आलाय पाहा. अगदी शेवटी. शकुंतलेने विचारलं ‘कोण?’ आणि कण्व चार ओळी ते नाव घेत नाहीत. आधी जखम येते, मग तेल, मग मूठ, मग ‘मानलेला मुलगा’, आणि हरीण सगळ्यांच्या मागून. जसं ते खरोखर मागून आलंय तसं. यात माया, वियोग, अश्रू यांतला एकही शब्द नाही. तेलाचं नाव आहे, धान्याचं नाव आहे, गवताचं नाव आहे. बाप लेकीला ‘जाऊ नकोस’ म्हणू शकत नाही, म्हणून तो हरणाबद्दल बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या निरोपाच्या कवितांत दहापैकी नऊ वेळा ‘ओलावले डोळे’ असतात. या चार ओळी वाचून झाल्यावर ते डोळे खोडून तिथे कुठल्या तेलाचं नाव येईल, याचा विचार करून बघा.

वसंततिलका वृत्त आहे, ओळीला चौदा अक्षरं. वृत्त पाठ असण्याची गरज नाही, पण एकदा हा श्लोक चालीवर म्हणा. मग अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ आणलं त्यातली पदं काढा आणि मूळ श्लोकाशेजारी ठेवा. एकच भाव अक्षरगणवृत्तातून गाण्याच्या चालीत येताना काय हरवतो, काय नव्याने मिळवतो, हे पाहण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. एका बैठकीत एकच श्लोक, जास्त नको.

दुसरं नाटक भवभूतीचं ‘उत्तररामचरित’. त्यातलाही पहिला अंक, आणि त्यातलीही एक ओळ. राम आणि सीता आपल्याच वनवासाची चित्रं पाहताहेत. रामाला गोदावरीकाठच्या रात्री आठवतात: गालाला गाल लावून, हळू आवाजात, काहीही क्रम नसलेल्या गप्पा, आणि प्रहर कसे गेले ते कळलंच नाही. श्लोकाचा शेवट आहे ‘अविदितगतयामा रात्रिरेव व्यरंसीत्’.

या ओळीची एक दंतकथा आहे. भवभूतीने म्हणे आधी ‘रात्रिरेवं व्यरंसीत्’ लिहिलं होतं, म्हणजे ‘अशी रात्र संपली’. ते ऐकून कालिदास म्हणाला, सगळं छान आहे, फक्त एक अनुस्वार जास्त झालाय. टिंब काढलं आणि झालं ‘रात्रिरेव’, म्हणजे ‘रात्रच तेवढी संपली’. गप्पा संपल्या नाहीत. गोष्ट खरी असणं शक्य नाही, दोघांमध्ये काही शतकांचं अंतर आहे. पण ज्याने ही गोष्ट रचली त्याला कविता कळत होती. मला त्यातली आणखी एक गंमत आवडते. ‘व’च्या पुढे ‘व्य’ हे जोडाक्षर आहे, त्यामुळे अनुस्वार असो वा नसो, ते अक्षर गुरूच, म्हणजे दोन मात्रांचंच, राहतं. वृत्ताला काहीच फरक पडत नाही. म्हणजे टिंब ठेवायचं की काढायचं हे वृत्त सांगणार नाही, मात्रा मोजून कळणार नाही. ते कवीलाच ठरवावं लागतं. आणि त्याच अंकात, थोड्याच वेळाने, सीता रामाच्या बाहूवर झोपलेली असताना लोकापवादाची बातमी येते. ‘रात्रच तेवढी संपली’ हे वाक्य मग परत जाऊन वाचा, वेगळं ऐकू येईल.

शेक्सपिअरबद्दल माझं म्हणणं लोकांना पटत नाही. मी नव्या कवींना ‘हॅम्लेट’ची स्वगतं वाचू नका म्हणते. निदान आधी नको. ती वाचून माणूस एकटाच खिडकीशी उभा राहून बोलू लागतो, आणि तो रोग आपल्याला आधीच झालेला आहे. त्याऐवजी ‘मॅकबेथ’मधला दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश घ्या. मॅकबेथ राजाचा खून करून बाहेर आला आहे, बायको वाट पाहते आहे. दोघांचं बोलणं साधारण असं:

“तुम्ही बोललात?”
“केव्हा?”
“आत्ता.”
“मी उतरत असताना?”
“हो.”

एकेका शब्दाच्या ओळी. मूळ इंग्रजीत एरवी ओळीला पाच ठोके असतात, दहा अक्षरांची ठरलेली चाल. खुनानंतर ती चाल फुटते आणि तिचे तुकडे दोघांच्या तोंडी वाटले जातात. भीती वाटते असं कुणी म्हणत नाही. ओळच घाबरलेली आहे.

त्याच्या पुढचा भाग मी प्रत्येक नवख्या कवीला मोठ्याने वाचायला लावते. मॅकबेथ म्हणतो, मला आवाज ऐकू आला, आता झोप नाही, मॅकबेथने झोपेचा खून केला. आणि मग तो झोपेवर सुटतो. झोप म्हणजे काळजीच्या गुंतलेल्या धाग्याची लड विणून काढणारी, झोप म्हणजे रोजच्या आयुष्याचं मरण, कष्टाने दुखऱ्या अंगाचं न्हाणं, जखमी मनांवरचा लेप, निसर्गाच्या पंगतीतलं दुसरं वाढप, आयुष्याच्या मेजवानीतलं मुख्य अन्न. एका दमात सहा रूपकं, एकाहून एक सरस. आणि सहावं तोंडातून पडतं न पडतं तोच बायको विचारते, “म्हणजे काय?”

हाच तो प्रश्न. आपल्या कवितेत सहा रूपकं झाल्यावर असं विचारणारं कुणी नसतं. शेक्सपिअरने आपली उत्तम कविता मधोमध तोडायला एक व्यवहारी बाई उभी केली, आणि त्यामुळे ती रूपकं सजावट न राहता एका भेदरलेल्या माणसाची बडबड झाली. मी माझ्या वहीत प्रत्येक कवितेच्या समासात कुठेतरी ‘म्हणजे काय?’ लिहून ठेवते आणि बघते, पुढच्या ओळीकडे काही उत्तर आहे का. अनेकदा नसतं. तिथून खाली कविता कापते.

‘रोमिओ आणि ज्युलिएट’ पूर्ण वाचायची घाई नाही. पहिल्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशात दोघं पहिल्यांदा बोलतात ते काढा आणि ओळी मोजा. चौदा. यमकांसकट अख्खं सुनीत, म्हणजे सॉनेट आहे, पण दोघांनी मिळून बोललेलं. पहिल्या चार ओळी त्याच्या, पुढच्या चार तिच्या, मग वाटून घेतलेल्या, शेवटी जुळलेलं यमक आणि चुंबन. लगेच दुसरं सुनीत सुरू होतं आणि चार ओळींवर दाई येऊन सांगते, आईसाहेब बोलावताहेत. केशवसुतांपासून मराठीत सुनीत लिहिलं जातंय, तरीही ‘हा साचा कशाला हवा’ असं विचारणारे भेटतात. त्यांना मी ही दाई दाखवते. साचा नसता तर तो मोडला हे कळलंच नसतं.

आणि ‘किंग लिअर’. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ मिळाला तर तो, आणि शेवटचं पान मूळ इंग्रजीतूनही. मुलीचं प्रेत हातात घेऊन म्हातारा ‘नेव्हर’ हा एकच शब्द पाच वेळा म्हणतो. पाच ठोक्यांची अख्खी ओळ त्या एका शब्दाने भरते. आणि पुढच्याच ओळीत, कृपा करून हे बटण सोडा. धन्यवाद. ‘कधीही नाही’च्या खाली बटण. इथे माझ्या प्रतीत दोन रेघा आहेत, आणि त्यांच्याखाली आणखी एक.

इंग्रजी जेमतेम असेल तर? अनुवाद वाचा, अजिबात कमीपणा नाही. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’ ‘राजमुकुट’ म्हणून आणला, मंगेश पाडगावकरांनीही शेक्सपिअरची नाटकं मराठीत केली आहेत. मराठीतल्या मोठ्या कवींना या कामात वर्षं घालवावीशी वाटली, यातच काय ते आलं. पण प्रत्येक नाटकातलं एखादं पान मुळातून, शब्दकोश न बघता, नुसतं आवाजासाठी वाचा.

आता मराठीकडे. इथे पहिली सूचना गडकऱ्यांबद्दल. ‘एकच प्याला’ वाचा, ‘राजसंन्यास’ वाचा, पण तुमची कविता आधीच दागिन्यांनी मढलेली असेल तर थोडं थांबून वाचा. मी ऐन विशीत एका उन्हाळ्यात गडकरी ओळीने वाचले आणि पुढचे तीन महिने माझ्या कवितेत एकही नाम विशेषणाशिवाय बाहेर पडलं नाही. त्यांचं पल्लेदार वाक्य नटाच्या छातीसाठी बांधलेलं आहे. श्वास कुठे घ्यायचा, टाळी कुठे पडणार, याचा हिशेब त्यात आहे. आपण तो हिशेब सोडून नुसते अनुप्रास उचलतो. आणि एक लक्षात घ्या: गोविंदाग्रज या नावाने कविता लिहिणारा हा माणूस, पण ‘एकच प्याला’तली पदं त्याची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. या नाटकात गडकऱ्यांमधला कवी शोधायचा तर गद्यातच शोधावा लागतो. तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश त्यासाठी उत्तम. हसता हसता लक्षात येतं की लय ही गंभीर लोकांची मक्तेदारी नाही.

गडकऱ्यांच्या आधी देवल वाचले असते तर माझे ते तीन महिने वाचले असते. ‘शारदा’, १८९९. म्हाताऱ्या नवरदेवाची थट्टा करणारं ते पद तुम्ही कुठेतरी ऐकलेलं असतंच:

म्हातारा इतुका न अवघें पाऊणशें वयमान ।
दंताजींचें ठाणें उठलें फुटले दोन्ही कान ।
डोळे रुसले कांहीं न बघती, नन्ना म्हणते मान ॥

दात पडले, कान गेले, डोळे गेले, मान हलते, एवढंच सांगायचं आहे. देवलांनी विशेषणाला हात न लावता सगळं क्रियापदांकडून करून घेतलं. दातांचं ठाणं उठतं, डोळे रुसतात, मान ‘नको नको’ म्हणते. लग्नाला सगळं गाव तयार आहे आणि म्हाताऱ्याची स्वतःची मान तेवढी नकार देते आहे! ‘दंताजी’तला तो ‘जी’ बघा, एका अक्षरात दातांना पागोटं घातलंय. मी हे पद वहीत उतरवून क्रियापदांखाली रेघा मारल्या होत्या. तुम्हीही करा. मग आपल्या कवितेतल्या क्रियापदांखाली मारा. ‘आहे’, ‘होते’, ‘वाटते’ यांच्याखालीच रेघा निघाल्या तर दुखणं कुठे आहे ते कळेल.

‘नटसम्राट’ तर आहेच. कुसुमाग्रज या नावाने कविता आणि वि. वा. शिरवाडकर या नावाने नाटक, अशी वाटणी करणाऱ्या माणसाचं हे नाटक १९७०चं. स्वगतं सगळ्यांना पाठ असतात, म्हणून मी म्हणेन, स्वगतं सोडून मधले घरगुती प्रवेश वाचा. बेलवलकर आणि कावेरी यांचं साधं बोलणं. स्वगत जिथून उसळतं ती जमीन तिथे आहे. नुसती स्वगतं वाचणं म्हणजे फुटलेल्या लाटा गोळा करणं.

चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ कठीण आहे. पहिल्या वाचनात मला काडीचंही कळलं नव्हतं, पण कान मात्र जागा राहिला होता. याच खानोलकरांची, आरती प्रभू या नावाने लिहिलेली कविता आवडत असेल तर हे सोडू नका, नसेल तर जबरदस्ती नाही.

कवींनी गद्य नाटकं का वाचायची, असा प्रश्न येतो. रंगसूचनांसाठी. चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये, १९०४चं नाटक, सगळे उघड्यावर बसलेले असताना दूरवरून, जणू आकाशातून, तार तुटल्यासारखा आवाज येतो आणि विरून जातो. पात्रं त्याचा अर्थ लावू बघतात. एक म्हणतो खाणीत काहीतरी तुटलं असेल, दुसरा म्हणतो एखादा पक्षी असेल. नाटक संपताना तोच आवाज पुन्हा येतो, आता घरात एक विसरलेला म्हातारा नोकर तेवढा आहे आणि बाहेर झाडांवर कुऱ्हाड चालते आहे. यावेळी अर्थ लावायला कुणी नाही. प्रतिमा दुसऱ्यांदा आणायची तर कशी, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. मराठीत तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये चिमणी-पोपटाचं बडबडगीत कुठे आणि कुणासाठी येतं ते पाहा. लहान मुलांचं गाणं आहे, एक शब्दही बदललेला नाही, आणि ऐकवत नाही.

ग्रीकांपैकी मी एकच पान सुचवते. इस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’ची सुरुवात, इसवी सनापूर्वी ४५८. राजवाड्याच्या छपरावर एक पहारेकरी कुत्र्यासारखा कोपरांवर पडून आहे, वर्षभर, ट्रॉय पडल्याची खूण म्हणून पेटणारी आग कधी दिसते याची वाट बघत. रात्रीचे सगळे तारे त्याला ओळखीचे झालेत. शेवटी आग दिसते, तो नाचतो, आणि मग म्हणतो, बाकीचं मी बोलणार नाही, माझ्या जिभेवर मोठा बैल उभा आहे. घरात काय शिजतंय ते त्याला माहीत आहे. बैलाच्या वजनाचं मौन, तेही एका नोकराचं. पुढचं नाटक वाचायचं तर वाचा, भव्य आहे. मला तो पहारेकरीच पुरतो.

त्याचे भाऊबंद धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’मध्ये सापडतात. हिंदी आहे, पण मराठी वाचकाला अडचण येऊ नये. महाभारताच्या युद्धाचा अठरावा दिवस, आणि ओस पडलेल्या राजवाड्यात फेऱ्या मारणारे दोन प्रहरी. राजे-महाराजे मोठ्या वाक्यांत बोलतात. हे दोघं छोट्या, थकलेल्या ओळींत. मुक्तछंदात लिहिणाऱ्यांनी हे नाटक ओळींच्या लांबीसाठी वाचावं. तिथे आखूड ओळ उगाच आखूड नाही, ती बोलणाऱ्याच्या पायांत दम उरलेला नाही म्हणून आखूड आहे.

लोर्काचं ‘ब्लड वेडिंग’ सगळ्यांत शेवटी. १९३३ साली रंगमंचावर आलं. ते शेवटी ठेवण्याचं कारण असं की त्यात चंद्र चक्क पात्र म्हणून येतो आणि बोलतो, आणि हे पहिल्याच आठवड्यात वाचलं तर तुमच्याही कवितेत चंद्र बोलायला लागेल. लोर्का तिथवर किती सावकाश पोचतो ते बघा. सुरुवातीला साधी गद्य बोलणी, चाकूची, द्राक्षमळ्याची. मग एक अंगाईगीत, पाणी न पिणाऱ्या घोड्याचं. पद्य आधी असं बाळाच्या निमित्ताने घरात शिरतं. तिसऱ्या अंकात जंगल येतं तेव्हा कुठे चंद्र तोंड उघडतो, आणि तोवर आपण ऐकायला तयार झालेलो असतो.

वाचून झाल्यावर एक काम करा, एकदाच नाही, दर महिन्याला. आपली एखादी जुनी कविता घ्या. वर दोन नावं लिहा, कोण बोलतंय आणि कुणाशी. ‘कवी’ आणि ‘जग’ चालणार नाही. ‘थोरली बहीण, धाकट्या भावाशी, तो बूट घालत असताना’ असं हवं. मग कवितेतल्या ज्या ओळी ती बहीण त्या भावाला बोलणार नाही त्या खोडा. माझ्या एका चोवीस ओळींच्या कवितेतल्या सात उरल्या होत्या. छापून आली ती सातच ओळींची.

त्यानंतर ती कविता दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. कवीला नको, कवी एकमेकांना सांभाळून घेतात. कविता न वाचणारा कुणीतरी शोधा. तुमच्या हातात दुसरी प्रत आणि पेन्सिल असू द्या. तो अडखळेल तिथे गोल करा, श्वास घेईल तिथे रेघ. तो मध्येच थांबला तर जीव कासावीस होईल, पुढचा शब्द ओठांवर येईल. देऊ नका. मनात मोजा. पाचाच्या पुढेही मोजत राहा.